परतीच्या वाटेवरचे चाळीस मैल

नमस्कार मंडळी. आयोजकांनी मला 45 मिनिटं दिली आहेत आणि पत्रिकेवर विषय छापलाय : 'सैनिकांच्या स्वागताचा मोटरसायकल ताफा – नियोजन आणि शिस्त'. नियोजनाकडे मी येणार आहे. पण ते सगळे नियम मला एका सकाळी कळले, म्हणून आधी ती सकाळ सांगतो.

नोकरीच्या निमित्तानं मी नऊ वर्षं अमेरिकेत, कॅन्सस राज्यात काढली. सपाट मुलूख, गव्हाची शेतं, नजर जाईल तिथवर सरळ रस्ता, आणि वारा. इथे बसलेल्यांपैकी बरेच जण चालवणारे आहात, तुम्हाला सांगायला नको. आडवा वारा लागला की सरळ रस्त्यावरही गाडी कलती धरावी लागते, आणि समोरून मोठा ट्रक येऊन गेला की क्षणभर वारा तुटतो आणि गाडी एकदम दुसरीकडे झुकते. अशा गाडीच्या मागे पाच फुटी झेंडा लावून चाळीस मैल जाणं म्हणजे खांद्यांचं काम आहे. आणि हे काम करणारी माणसं बहुतेक साठीच्या पुढची! बैठकीत गुडघा धरून हळूच खुर्चीत बसतात, आणि त्याच गुडघ्यांवर साडेतीनशे-चारशे किलोची गाडी पेलतात. मला त्या माणसांबद्दल अतोनात प्रेम आहे, ते आज लपणार नाही.

याच राज्यातल्या मलव्हेन नावाच्या छोट्या गावात 2005 साली या गोष्टीची सुरुवात झाली. टोपेका शहरातल्या वेस्टबरो बॅप्टिस्ट चर्चची मंडळी तेव्हा युद्धात मेलेल्या सैनिकांच्या अंत्यविधीच्या ठिकाणी फलक घेऊन उभी राहत. देश समलिंगी माणसांना खपवून घेतो म्हणून देवानं ही शिक्षा दिली, असं त्या फलकांवर लिहिलेलं असे. शवपेटीमागून चालणाऱ्या आईला ते वाचावं लागे. अमेरिकन लीजन ही तिथली माजी सैनिकांची जुनी संघटना. तिच्या मलव्हेनमधल्या रायडर मंडळींनी ठरवलं की आपण झेंडे घेऊन मध्ये उभं राहायचं. भांडायचं नाही, उत्तर द्यायचं नाही. ओरडाआरडा झालाच तर इंजिनांच्या आवाजात तो बुडवायचा. त्यातून 'पेट्रियट गार्ड रायडर्स' उभी राहिली आणि देशभर पसरली. पुढे 2011 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं आठ विरुद्ध एक मतानं निकाल दिला की फलक धरणाऱ्यांना राज्यघटनेचं संरक्षण आहे. कायद्याच्या अंगानं तो बरोबरच असेल, मी वकील नाही. पण त्या आईला त्या दिवशी आडोसा हवा होता, आणि तो या माणसांनी स्वतःच्या पाठीचा करून दिला.

त्यांचा एक नियम पहिल्यापासून आहे : कुटुंबानं बोलावल्याशिवाय जायचं नाही. तो लक्षात ठेवा, मी शेवटी त्याच्याकडे परत येणार आहे. आणि अजून एक, जे बाहेरच्यांना माहीत नसतं : त्यांच्यात यायला मोटरसायकल असावी लागत नाही. चारचाकीनं या, झेंडा धरून रांगेत उभे राहा. त्या रांगेला ते 'फ्लॅग लाइन' म्हणतात. मी पहिल्यांदा गेलो तो असाच, शेजाऱ्याच्या ट्रकमध्ये बसून.

तर ती सकाळ. ऑक्टोबरचा महिना. अफगाणिस्तानातून नॅशनल गार्डची एक तुकडी परतत होती. नॅशनल गार्ड म्हणजे आपापल्या गावात नोकरी-शेती करणारी माणसं, बोलावलं की गणवेश चढवतात. परतल्यावर आधी लष्करी तळावर काही दिवस तपासण्या आणि कागदपत्रं होतात, मग बसनं त्यांना गावच्या आर्मरीत, म्हणजे गार्डच्या इमारतीत आणतात. तिथे घरची माणसं थांबलेली असतात. आम्ही बसला 40 मैल अलीकडे, महामार्गावरच्या विश्रांतीच्या जागी गाठणार होतो. 62 गाड्या होत्या. मी मोजल्या होत्या, कारण मोजायचं काम माझ्याकडे होतं.

आमचे राइड कॅप्टन व्हिएतनामला जाऊन आलेले, पुढे आयुष्यभर ट्रक चालवलेला. त्यांचं ब्रीफिंग चार मिनिटांचं असे. टाकी भरलेली हवी. कुणाची गाडी बंद पडली तर त्यानं उजवीकडे बाजूला व्हायचं, रांग थांबणार नाही, मागे ट्रेलर आहे. इंजिन उगाच वाढवायचं नाही. आणि फाटका, मळका झेंडा लावून आलेल्याला ते एका बाजूला नेऊन, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, स्वतःच्या डिकीतला घडी घातलेला नवा झेंडा देत.

त्या दिवशी बस आली नाही. एक तास, दीड तास. आम्ही पार्किंगमध्ये उभे, वारा अंगावर. आणि त्या दीड तासात या गृहस्थांनी मला त्यांचं स्वतःचं परतणं सांगितलं.

तुम्ही दुसऱ्या महायुद्धाची चित्रं पाहिली असतील, माणसांनी गच्च भरलेली जहाजं बंदराला लागताहेत. 1945-46 मध्ये अमेरिकेनं 80 लाखांहून जास्त माणसं अशी परत आणली. पॅसिफिकमधून यायला दोन-तीन आठवडे लागत. त्या आठवड्यांत काय होई? डेकवर पत्ते, झोप, आणि बोलणं. ज्यांनी एकच नरक पाहिला त्यांचं आपसातलं बोलणं. व्हिएतनामला पद्धतच वेगळी होती. तुकडी एकत्र परत येत नसे. प्रत्येकाचा कालावधी स्वतंत्र : लष्करात 12 महिने, मरीन या वेगळ्या दलात 13. तारीख भरली की त्या एका माणसाला उचलून विमानात बसवत. शेजारच्या खुर्चीवर अनोळखी माणूस.

हे गृहस्थ 1970 साली परतले. आघाडीवरून निघाले त्याला दोन दिवसही झाले नव्हते आणि ते आईच्या स्वयंपाकघरात बसले होते. विमानतळाच्या स्वच्छतागृहात गणवेश उतरवून साधा शर्ट घातलेला. परतणाऱ्यांच्या अंगावर लोक थुंकले अशा कथा तुम्ही ऐकल्या असतील. त्यांच्या खरेपणावर तिथे बराच वाद आहे. मी त्यांना सरळ विचारलं. ते म्हणाले, "थुंकायला आधी बघावं लागतं. माझ्याकडे कुणी बघितलंच नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी वडील म्हणाले, गवताच्या गंज्या हलवायच्यात, चल. ते गेले. संध्याकाळपर्यंत गंज्या हलवल्या. वडिलांनी वर्षभराबद्दल एक शब्द विचारला नाही, त्या दिवशी नाही आणि नंतर कधीच नाही. वडील प्रेमळ होते, ते पुन्हा पुन्हा सांगत होते. विचारायचं कसं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

इथे थोडं विषयांतर करतो. 1981 च्या जानेवारीत इराणमध्ये 444 दिवस ओलीस असलेले 52 अमेरिकन सुटले. न्यू यॉर्कनं त्यांच्यासाठी कागदाच्या फितींचा पाऊस पाडला. व्हायलाच हवं होतं. पण ते दूरदर्शनवर पाहणाऱ्या, व्हिएतनामहून परतलेल्या हजारो सैनिकांच्या पोटात काय झालं असेल? वॉशिंग्टनमधली, व्हिएतनाममध्ये मेलेल्या सैनिकांची काळ्या दगडाची स्मारकभिंत 1982 ची. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांसाठी न्यू यॉर्कची मिरवणूक निघाली 1985 साली, युद्ध संपून दहा वर्षांनी. आणि 1988 मध्ये, बेपत्ता आणि युद्धकैद्यांचा हिशेब द्या म्हणत, सुमारे अडीच हजार मोटरसायकली राजधानीत शिरल्या. तो 'रोलिंग थंडर'. पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियाहून त्या भिंतीपर्यंत देश ओलांडणारी 'रन फॉर द वॉल' सुरू झाली. म्हणजे पहा, ज्यांना कुणी आणायला आलं नव्हतं, ती माणसं गाड्या काढून स्वतःच स्वतःला आणायला निघाली. आजही व्हिएतनामला लढून आलेले दोन म्हातारे रस्त्यात भेटले की 'हॅलो' म्हणत नाहीत. 'वेलकम होम' म्हणतात. पन्नास वर्षं उलटून गेल्यावरही.

बरं, बसकडे येतो. ती उशिरा का आली ते आम्हाला नंतर कळलं, आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. वाटेतल्या एका गावात एका पदाधिकाऱ्यानं ऐनवेळी कार्यक्रम घुसवला होता. बस थांबवली, सगळ्यांना उतरवलं, उन्हात रांगेत उभं केलं, भाषण केलं, छायाचित्रं काढली. मग कुणीतरी उशिरा आलं म्हणून पुन्हा काढली. 50 मिनिटं! तिकडे आर्मरीत लहान मुलं सकाळपासून कागदी झेंडे धरून बसलेली, त्यातली निम्मी झोपून गेली. एका सैनिकानं आपली आठ महिन्यांची मुलगी अजून पाहिलीच नव्हती. त्या मुलीच्या आयुष्यातली बापाची पहिली 50 मिनिटं एका माणसानं स्वतःच्या छायाचित्रासाठी घेतली. मी हे दहा ठिकाणी सांगितलंय आणि दहा ठिकाणी सांगेन. कारण तो माणूस वाईट नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की तो सन्मान करतोय, आणि म्हणूनच मला भीती वाटते. असा माणूस उद्या आपल्यापैकीही कुणी असू शकतो.

बस आली. सैनिक दहा मिनिटं खाली उतरले. एक तरुण सार्जंट मुलगी फ्लॅग लाइनच्या एका टोकापासून प्रत्येकाशी हात मिळवत निघाली. आम्ही प्रत्येक जण म्हणत होतो, वेलकम होम, वेलकम होम. आमच्या कॅप्टनपाशी ती आली, त्यांच्या जाकिटावरच्या पट्ट्या वाचल्या आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "वेलकम होम, सर." त्यांनी मान हलवली. मग घड्याळ पाहिलं आणि आम्हाला नेहमीची खूण केली : स्टँड वर.

आयोजकांची चिठ्ठी आली आहे, आठ मिनिटं उरली आहेत. तर आता पत्रिकेवरचा विषय, भरभर.

माझं म्हणणं एवढंच आहे की विमानानं युद्ध आणि घर यांच्यामधला रस्ता खाऊन टाकला, आणि ताफा तो रस्ता थोडासा परत देतो. चाळीस मैल, पाऊण-एक तास. त्यात बसलेला माणूस खिडकीतून बघतो की आपल्यासाठी कुणीतरी वाऱ्यात गाडी चालवतंय, आणि त्याला बोलावं लागत नाही, हसावं लागत नाही, कुणाला उत्तर द्यावं लागत नाही. नियोजनातलं सगळं काही या एका तासाला जपण्यासाठी आहे.

म्हणून पहिलं काम, विचारा. सैनिकालाही विचारा आणि घरच्यांनाही. काहींना ताफा नको असतो. नको म्हणजे नको, पुन्हा आग्रह नाही. हवा असेल तर आवाजाचं विचारा. सायलेन्सरमधून निघणारा फटका आपल्याला मजेचा वाटतो. चार दिवसांपूर्वीपर्यंत गोळीबारात असलेल्या माणसाचं शरीर तो वेगळाच ऐकतं. इंजिन वाढवणं नाही, फटाके नाहीत. पेट्रियट गार्डनं इंजिनं वाढवली ती फलकवाल्यांसाठी, घरी येणाऱ्यासाठी नव्हे.

रांग नागमोडी. पुढचा लेनच्या डाव्या भागात, त्याच्यामागचा उजव्या. तिरक्या गाडीपासून एक सेकंद, सरळ पुढच्या गाडीपासून दोन सेकंद. नवशिके सगळ्यात मागे ठेवायची चूक करू नका. लांब रांग रबरासारखी ताणते : पुढचा 55 मैलांच्या वेगानं निवांत चाललेला असतो आणि शेपटाकडच्याला अंतर भरायला 70 नं पळावं लागतं. नवशिके म्होरक्याच्या लगेच मागे, आणि शेवटी तुमचा सगळ्यात मुरलेला माणूस, ज्याला ते 'टेल गनर' म्हणतात. वेग पायी चालण्याइतका कमी करू नका. हवेवर थंड होणारी इंजिनं तापतात, डावा पंजा क्लचवर सुन्न होतो आणि माणसं गाड्या पाडतात. गावातला टप्पा छोटा ठेवा.

चौक अडवणं पोलिसांचं काम. त्यांना आधी कळवा, मार्ग लेखी द्या, आणि ते आले नाहीत तर सिग्नलला थांबा. रांग तुटली तर तुटू द्या, पुढे जोडून घेता येते. झेंड्याची दांडी गाडीच्या सांगाड्याला घट्ट, उजव्या बाजूला. निघायच्या आधी हातानं ओढून पाहा. आणि वाटेत थांबे नाहीत. कुणाच्याही भाषणासाठी नाहीत. हे बसवाल्याकडून आधी कबूल करून घ्या. आमच्या कॅप्टननी पुढच्या बैठकीत एवढंच सांगितलं होतं : बस मध्ये थांबणार असेल तर आपण जाणार नाही. त्यानंतर एकदा आम्ही खरंच गेलो नाही. फार जड गेलं, पण गेलो नाही.

शेवटचं, आणि यावर आपल्या बैठकीत वाद होईल हे मला ठाऊक आहे. दारापर्यंत जायचं नाही. आर्मरीच्या अलीकडे एक वळण होतं. तिथे आमचा कॅप्टन रस्त्याच्या कडेला झाला, हात वर केला आणि 62 इंजिनं बंद झाली. बस आमच्या शेजारून एकटी पुढे गेली. आम्हाला वळणापलीकडचं काही दिसत नव्हतं. आधी ब्रेकचा आवाज आला, मग दार उघडल्याचा, आणि मग मुलांचा कलकलाट. मी पुढे जाऊन बघायला निघालो, तर त्यांनी नुसतं माझ्या आरशावर बोट टेकवलं. आम्ही गाड्या न सुरू करता, हातानं ढकलत वळवल्या आणि बरंच अंतर गेल्यावर चालू केल्या.