चुकीच्या गाडीतले पाहुणे

नमस्कार श्रोतेहो.

आज आपल्याला अमेरिकेत जायचंय. न्यूयॉर्कला नाही, कॅलिफोर्नियाला तर नाहीच. तिकडे हल्ली प्रत्येकाच्या घरातलं कोणी ना कोणी असतंच, आणि तिथल्या बर्फाचे नि बंगल्यांचे फोटो आपल्या फोनवर रोज येऊन पडतात. आपण जाणार आहोत त्या दोन टोकांच्या मधल्या अमेरिकेत. विमानातून जाताना लोक खिडकीची झडप ओढून झोपतात ना, नेमक्या त्या भागात. नेब्रास्का राज्यात. गावाचं नाव नॉर्थ प्लॅट.

प्रेअरी हा शब्द तुम्ही शाळेत पाठ केलेला आहे. जोड्या लावा: उत्तर अमेरिका, प्रेअरी, दक्षिण अमेरिका, पंपास. दोन गुण मिळाले, विषय संपला. पण तिथे माणसं कशी राहतात हे पुस्तकात नव्हतं. नजर जाईल तिथवर गवत, नाहीतर मका, नाहीतर गहू. झाड औषधाला नाही. १८६२ च्या कायद्याने सरकारने कसणाऱ्याला १६० एकर जमीन देऊ केली, तेव्हा लोक आले खरे, पण घर बांधायला लाकूड कुठून आणायचं? मग त्यांनी गवताच्या मुळांसकट जमिनीचे चौकोनी ठोकळे कापले आणि ते एकावर एक रचून घरं उभी केली. पाऊस लागला की छतातून चिखल गळायचा, थेट ताटात.

आणि गंमत बघा, झाडं लावायचा खास दिवस अमेरिकेत सुरू झाला तो याच नेब्रास्कात, १८७२ मध्ये. ज्यांच्याकडे झाडं नव्हती त्यांना त्यांची किंमत कळली. आपल्याकडे जुलैमध्ये एका रोपाला अकरा जणांचे हात लागतात, फोटो निघतो, आणि पुढच्या जुलैत त्याच खड्ड्यात नवं रोप जातं. असो. तो विषय काढला तर आजची वेळ पुरायची नाही.

तर ही गावं वसली रेल्वेमुळे. शेतकऱ्याने घोडागाडीत धान्य भरून स्टेशनला यावं आणि अंधार पडायच्या आत घरी परतावं, एवढ्या अंतरावर एकेक गाव. स्टेशन, त्याच्या शेजारी धान्याचं उंच कोठार, एक चर्च, एक किराणा दुकान, एक कॉफीची जागा. झालं गाव. पुढे ट्रॅक्टर आले, शेतं मोठी झाली, माणसं कमी लागू लागली आणि गावं रोडावली. याच नेब्रास्कात मोनोवी नावाचं गाव आहे. २०१० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या होती १. एक! एकच आजी. महापौर तीच, ग्रंथपाल तीच, आणि गावातली एकमेव खानावळ चालवणारीही तीच.

नॉर्थ प्लॅट एवढं लहान नाही. दोन नद्यांच्या संगमावरचं हे गाव, युनियन पॅसिफिक रेल्वे १८६६ मध्ये तिथवर पोचली तेव्हा वसलेलं. १९४० च्या सुमारास वस्ती बारा हजारांच्या आसपास. म्हणजे आपल्याकडचं एखादं बाजाराचं गाव. आता ज्यासाठी मी तुम्हाला इथवर आणलं ती गोष्ट सांगते. माझी फार आवडती आहे, जरा सावकाश सांगणार आहे.

डिसेंबर १९४१. सात तारखेला पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले आणि अमेरिका युद्धात उतरली. दहाच दिवसांनी, सतरा तारखेला, नॉर्थ प्लॅटमध्ये कुजबुज सुरू झाली की आपली पोरं आज इथून जाणार. आपली म्हणजे नेब्रास्का नॅशनल गार्डची, डी कंपनीची. (डी कंपनी म्हटल्यावर मुंबईकरांनी कान टवकारू नयेत, ही सैन्यातली तुकडी.) ही मुलं दूर अर्कान्सासमधल्या तळावर सराव करत होती. तिथून त्यांना पश्चिम किनाऱ्याकडे नेणार, आणि गाडी आपल्या स्टेशनात थांबणार, अशी ती बातमी. अधिकृत कोणी काही सांगितलेलं नाही. सैन्याच्या गाड्यांच्या वेळा कोण सांगणार? पण गावात बातमी पसरायला अधिकृत माणूस कधी लागलाय?

झालं! गाव स्टेशनात लोटलं. सुमारे पाचशे माणसं. आया, बहिणी, वाग्दत्त वधू, म्हातारे बाप. कोणी केक आणलेला, कोणी बिस्किटं, कोणी फळांची टोपली, सिगारेटची पाकिटं, नाताळच्या भेटी. डिसेंबरातली तिकडची थंडी. गाडी सकाळी येणार होती. आली नाही. दुपार झाली, तरी नाही. लोक घरी जाऊन परत आले. संध्याकाळ व्हायला लागली तेव्हा कुठे गाडी फलाटाला लागली.

लोक ओरडत डब्यांकडे धावले. खिडक्यांत डोकावून नावांनी हाका मारू लागले. आणि आतून अनोळखी चेहरे बाहेर बघत होते.

डी कंपनीच होती. पण कॅन्ससची.

पुन्हा सांगते. कंपनी डी, अक्षर बरोबर, राज्य चुकलेलं. शेजारच्या कॅन्सस राज्याची मुलं. नॉर्थ प्लॅटच्या एकाही आईचा मुलगा त्या गाडीत नव्हता.

आता त्या फलाटावर तुम्ही उभ्या आहात असं समजा. हातात केक आहे. साखर, लोणी, अंडी जमवून पहाटे उठून केलेला. तो ज्याच्यासाठी केला तो आलेलाच नाही. काही क्षण सगळे नुसते बघत राहिले. मग कोणीतरी पुढे झालं आणि हातातलं खिडकीतून आत दिलं. मग दुसरीने दिलं. मग सगळ्यांनीच. केक गेले, बिस्किटं गेली, स्वतःच्या मुलासाठी बांधून आणलेल्या भेटी परक्याच्या मुलाच्या हातात गेल्या. दहा-पंधरा मिनिटांत इंजिनाने पाणी भरून घेतलं, शिटी झाली, गाडी निघाली.

त्या गर्दीत रे विल्सन नावाची एक तरुणी होती. औषधांच्या दुकानात कामाला. तिचा भाऊ नेब्रास्काच्या त्या तुकडीत अधिकारी होता, त्याला भेटायला ती आली होती. ती घरी गेली आणि तिने गावच्या वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. दुसऱ्याच दिवशी छापून आलं. म्हणणं एवढंच, की आज जे झालं ते रोज का करू नये? येणाऱ्या प्रत्येक गाडीसाठी का करू नये? मी पुढाकार घेते, पगार नको.

मला राहून राहून वाटतं, त्या दिवशी बरोबर गाडी आली असती तर काय झालं असतं? गावाने आपल्या पोरांना मिठ्या मारल्या असत्या, डोळे पुसले असते आणि सगळे घरी गेले असते. पुढचं काहीच घडलं नसतं. गाडी चुकीची आली म्हणून पुढचं घडलं.

आठ दिवसांत, नाताळच्या रात्री, पहिल्या गाडीचं स्वागत झालं. युनियन पॅसिफिक रेल्वेचे अध्यक्ष विल्यम जेफर्स मूळचे याच गावचे. त्यांनी स्टेशनातलं बंद पडलेलं उपाहारगृह बायकांना वापरायला दिलं. तेच नॉर्थ प्लॅटचं कँटीन. ते १ एप्रिल १९४६ पर्यंत चाललं, आणि त्या सव्वाचार वर्षांत तिथे साठ लाखांहून अधिक सैनिकांनी काहीतरी खाल्लं. साठ लाख! गाव बारा हजारांचं. आणि सरकारचा पैसा नाही. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी पाच डॉलर पाठवले होते म्हणतात, तेवढाच काय तो दिल्लीचा, म्हणजे वॉशिंग्टनचा वाटा.

गणित सोपं होतं. वाफेच्या इंजिनाला पाणी भरायचं, वंगण घालायचं, म्हणजे गाडी दहा-पंधरा मिनिटं थांबणार. मनमाडला गाडी थांबली की लोक खाली उडी मारून वडे घेऊन येतात, तसे शेकडो जण एकदम उतरायचे. तेवढ्या वेळात त्या सगळ्यांना सँडविच, उकडलेली अंडी, केक, दूध, गरम कॉफी द्यायची. कधी दिवसाला वीसपेक्षा जास्त गाड्या, तीन ते पाच हजार माणसं. गाडीची वेळ गुप्त, म्हणून रेल्वेवाले बायकांना निरोप द्यायचे की कॉफीचं भांडं चुलीवर ठेवलंय. समजणारे समजायचे. जखमी सैनिकांची गाडी असली तर मुली टोपल्या घेऊन फलाटावरून डब्यापर्यंत जायच्या, कारण त्यांना उतरता यायचं नाही.

हे एका गावाला झेपणारं नव्हतं. आसपासची सव्वाशे गावं वाटणीत उतरली, शेजारच्या कोलोराडो आणि कॅन्ससमधूनसुद्धा. अमुक दिवस अमुक गावाचा, असे दिवस ठरलेले. आणि हे सगळं रेशनिंगच्या काळात, हे लक्षात घ्या. साखर रेशनवर, कॉफी रेशनवर, पेट्रोल आणि टायरसुद्धा. रेशनच्या रांगेत उभं राहिलेल्या बाईला वेगळं सांगायला नको, महिन्याच्या साखरेतली वाटीभर बाजूला काढणं म्हणजे काय ते. घरचा चहा फिका करूनच ती निघते. शेतकऱ्यांकडे अंडी, दूध, कोंबड्या होत्या. पुरुष रानात जाऊन फेझंट मारून आणायचे, आणि त्या रानपक्ष्याच्या मांसाची सँडविचं सैनिकांना एवढी आवडायची की पुढच्या स्टेशनांपर्यंत त्यांची कीर्ती गेली. मक्याच्या लाह्यांचे लाडू व्हायचे. मुली त्या लाडवात आपलं नाव-पत्ता लिहिलेली चिठ्ठी घालायच्या. त्यातून पत्रव्यवहार झाले आणि लग्नंही जुळली. वधूवर सूचक मंडळांनी यातून काही घ्यावं असं मला वाटतं. लाडू तरी मिळतील.

आणि वाढदिवस! ज्याचा वाढदिवस असेल त्याला अख्खा केक. दिवसाला वीसेक केक जायचे. एखादं पोर मित्राला कोपराने ढोसून म्हणायचं, याचा आहे आज. खरंच आहे का, हे कोणी विचारत नसे. तो केक डब्यात नेऊन सगळे मिळून खायचे. खायचे, श्रोतेहो. हल्ली वाढदिवसाचा केक तोंडाला फासायची जी रीत निघाली आहे ती मला मुळीच पटत नाही. अन्न आहे ते.

पैसा कुठून यायचा? नाचाचे कार्यक्रम, भंगार विकून, डब्यात टाकलेली नाणी. जीन स्लॅटरी नावाचा एक शाळकरी मुलगा होता. जनावरांच्या लिलावात तो उभा राहायचा आणि अंगातला शर्ट काढून लिलावाला लावायचा. शर्ट विकला जायचा, पैसे कँटीनला. पुढच्या लिलावात पुन्हा शर्ट. असे जवळपास दोन हजार डॉलर त्याने जमवले. गुरांच्या बाजारात उघडा उभा राहिलेला तो पोरगा मला एखाद्या सेनापतीइतकाच मोठा वाटतो, आणि सेनापतींचे पुतळे मात्र चौकाचौकांत.

रे विल्सन काही महिन्यांतच आजारी पडली, तिला काम सोडावं लागलं. हेलन क्रिस्ट नावाच्या बाईंनी सूत्रं घेतली. काम थांबलं नाही. आळीपाळीने पंचावन्न हजार बायका त्यात होत्या, त्यामुळे एकीवाचून अडणार नव्हतं.

ते स्टेशन १९७३ मध्ये पाडलं. गावच्या बाहेर आता मालगाड्यांचं अवाढव्य बेली यार्ड आहे, जगातलं सर्वांत मोठं म्हणतात. प्रवासी गाडी मात्र एकही थांबत नाही. पण गावाची सवय गेलेली नाही. जून २०१८ मध्ये अर्कान्सास नॅशनल गार्डचे सुमारे सातशे सैनिक वायोमिंगमधला सराव आटोपून बसने घरी परतत होते. वाटेत मुक्काम नॉर्थ प्लॅटला. गावाने दोन दिवस त्यांना जेवू घातलं. सगळं लोकवर्गणीतून.

तुमच्यापैकी कोणाची मुलं डेन्व्हरला किंवा ओमाहाला असतील तर त्यांना सांगा, महामार्ग क्रमांक ८० वर हे गाव लागतं. लिंकन काउंटीच्या संग्रहालयात कँटीनचं दालन आहे. पेट्रोल भरायला थांबणारच आहात, तर अर्धा तास आणखी थांबा.

बातम्यांची वेळ होत आली. मी रजा घेते. नमस्कार.