ऐकू येतं, पण कळत नाही

पडद्यावर कुणीतरी पुटपुटतं. ‘पाट’ म्हणाला, ‘ताट’ की ‘खाट’? मधला ‘आ’ कानाशी नीट पोचला. अर्थ पहिल्या व्यंजनात होता आणि तेच निसटलं.

बोलण्यातला जोर स्वरांचा, बहुतांश १००० हर्ट्झच्या (सेकंदाला १००० कंपनांच्या) खालचा. व्यंजनं ओळखायच्या खुणा बऱ्याचशा त्याच्या वर असतात, आणि त्या फार क्षीण. ‘स’ची सळसळ तर ४००० च्याही पुढची. वयानुसार कान आधी हाच वरचा पट्टा गमावतो. कपड्याखाली लपवलेल्या माइकवरही कापड नेमकं तेच खातं. म्हणून नुसता आवाज वाढवून भागत नाही. स्वर वाढतात, पार्श्वसंगीत वाढतं, ‘त’ही वाढतो, पण त्यांच्याखाली दबलेलाच राहतो.

आता टीव्हीकडे या. ५.१ ध्वनीत, म्हणजे पाच स्पीकर आणि एक बेसचा अशा सहा वाटांनी (चॅनलनी) येणाऱ्या आवाजात, संवाद मुख्यतः मधल्या, म्हणजे सेंटर चॅनलवर असतात. टीव्हीला स्पीकर दोनच असले, की सेंटर डाव्या-उजव्यात मिसळला जातो, आणि संगीत, पाऊस, गाड्या तिथे आधीच असतात. एकदा मिसळल्यावर संवाद तेवढे वेगळे काढून वाढवणं अवघड. त्यात सपाट टीव्हीचे स्पीकर बहुधा खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले. आवाज भिंतीवर आपटून, बोथट होऊन येतो.

तेव्हा दोनच स्पीकर असतील तर ऑडिओच्या यादीत ५.१ सोडून स्टिरिओ (फक्त डावा-उजवा) निवडा. साउंडबारला (टीव्हीसोबत जोडायच्या लांबट स्पीकरला) सेंटर स्वतंत्र असेल तर फक्त तोच ३-४ डेसिबल वाढवा. त्याहून जास्त केलं तर ‘स’, ‘श’ टोचू लागतात. बेस थोडा उतरवा, कृत्रिम सराउंड (आवाज चहूबाजूंनी येतोय असं भासवणारी सोय) बंद करा. नाइट मोड लावला की कुजबुज वर येते आणि स्फोट खाली बसतात. रिकाम्या, घुमणाऱ्या खोलीत जाड पडदा आणि गालिचा हवाच.

एवढं करूनही शब्द सुटत असतील तर सबटायटल खुशाल लावा. त्यात कमीपणा कसला? फक्त भाषा बघून निवडा. डब केलेला संवाद ओठांच्या हालचालीला जुळवून लिहितात, सबटायटल वाचायच्या वेगाला. दोन्हींचे अनुवाद बहुधा वेगवेगळे होतात, म्हणून कान एक ऐकतो आणि डोळा दुसरंच वाचतो. ‘सीसी’ (क्लोज्ड कॅप्शन, कमी ऐकू येणाऱ्यांसाठीची सबटायटल) अशी खूण असलेला पर्याय मिळाला तर तो घ्या. तो बहुधा ऐकू येणाऱ्या शब्दांच्या जास्त जवळ असतो, आणि पडद्याबाहेरून कोण बोललं, दार वाजलं की फोन, तेही सांगतो.