चाळीस टक्के गेले कुठे?

(पडद्यावर काळं टर्मिनल. व्हीएमस्टॅटच्या ओळी एकेक करून वर सरकतात.)

मे २००८. लिनक्स कर्नलच्या, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, २.६.२६ या आवृत्तीची चाचणीसाठीची पहिली प्रत, आरसी-१, नुकतीच बाहेर आली होती. इंटेलमधले यान्मिन झांग यांनी तिच्यावर एआयएम-७ ही चाचणी चालवली. ढिगाने प्रोसेस, म्हणजे चालते प्रोग्रॅम, एकदम सोडायच्या आणि मशीन किती काम उरकतं ते मोजायचं, असा तिचा खाक्या. ८ कोरच्या मशीनवर आणि १६ कोरच्या मशीनवरही आकडा २.६.२५ च्या तुलनेत ४० टक्क्यांहून जास्त घसरला. मशीन तेच, चाचणी तीच. बदललं होतं फक्त कर्नल.

अशा वेळी पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की सीपीयू करतोय काय? सामायिक गोष्टीला एका वेळी एकानेच हात लावावा म्हणून कर्नल लॉक वापरतं. त्यासाठीची ओढाताण व्हीएमस्टॅटमध्ये, म्हणजे सीपीयूचा वेळ कुठे जातोय ते दाखवणाऱ्या आज्ञेत, दोन वेगळ्या रूपांत दिसते. स्पिनलॉक असेल, तर थांबलेला कोर झोपत नाही, तिथेच घिरट्या घालतो. सिस्टिमचा, म्हणजे कर्नलमध्ये गेलेल्या वेळेचा, रकाना फुगतो आणि काम मात्र पुढे सरकत नाही. सेमाफोर किंवा म्यूटेक्स असेल, तर थांबलेली प्रोसेस झोपी जाते आणि आयडलचा, म्हणजे रिकाम्या वेळेचा, रकाना फुगतो. दुसरं रूप जास्त फसवं. काम रखडलंय आणि सीपीयू मोकळा बसलाय, हे बघितलं की कुणीही डिस्कवर संशय घेईल. झांग यांची चाचणी टीएमपीएफएसवर, म्हणजे थेट मेमरीत चालली होती. डिस्कचा तिथे संबंधच नव्हता.

(गिट बायसेक्टचा आराखडा. दर फेरीत अर्धा भाग पुसला जातो.)

दोन आवृत्त्यांमध्ये हजारो बदल. गिट बायसेक्ट हे दोषी बदल शोधणारं साधन यादीच्या मधोमधचा बदल उचलतं, कर्नल बांधायचा, चाचणी घ्यायची, अर्धे बदल बाद. आठ हजारांतून एक शोधायला तेरा फेऱ्या पुरतात. शोध येऊन थांबला कर्नलचे एक विकासक मॅथ्यू विलकॉक्स यांच्या बदलावर. आधी जवळजवळ प्रत्येक प्रोसेसर-जातीसाठी सेमाफोरचा वेगळा कोड होता. विलकॉक्स यांनी तो काढून सगळ्यांसाठी साध्या सी भाषेत एकच, वाचायला सोपा सेमाफोर लिहिला. त्यात चूक शोधून सापडली नसती, कारण तो बरोबरच होता. शिवाय न्यायी होता: जो आधी आला, लॉक आधी त्यालाच.

आणि घोळ तिथेच होता. बँकेत टोकन पुकारलं जातं, पण त्या नंबरचा माणूस बाहेर बाकावर डुलकी घेतोय. तो उठून येईपर्यंत खिडकी रिकामी, आणि खिडकीसमोर उभ्या असलेल्याला मात्र पुढे घेत नाहीत. नवा सेमाफोर अगदी असाच वागायचा. लॉक सुटला की तो थेट झोपलेल्या पहिल्या प्रोसेसच्या नावावर व्हायचा. शेड्युलर, म्हणजे सीपीयू कुणाला द्यायचा ते ठरवणारा कर्नलचा भाग, तिला उठवून सीपीयूवर आणेपर्यंत लॉक कागदोपत्री गुंतलेला, प्रत्यक्षात वापराविना. तेवढ्यात जो कोर लॉक मागायला येईल तोही झोपणार, म्हणजे रांग आणखी लांबणार. जुन्या सेमाफोरमध्ये चालू असलेली प्रोसेस मध्येच लॉक पटकावू शकायची. अन्याय होता खरा, पण काम थांबत नव्हतं.

आता प्रश्न उरतो, एका सेमाफोरवर एवढी गर्दी का? कारण त्या काळात बिग कर्नल लॉक, म्हणजे बीकेएल, सेमाफोरवर उभा होता. १९९६ मध्ये लिनक्स २.० ने एकाहून जास्त प्रोसेसर चालवायला सुरुवात केली तेव्हा अख्ख्या कर्नलसाठी घातलेला हा एकच लॉक. बारा वर्षांनंतरही फाइल लॉकिंग, टीटीवाय (टर्मिनल हाताळणारा कोड) अशा ठिकाणी तो शिल्लक होता.

कर्नलचे आणखी एक विकासक इंगो मोल्नार यांनी सेमाफोरमध्ये दुरुस्ती करून पाहिली, पण ती मागे घ्यावी लागली. १० मे २००८ रोजी लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी बीकेएल पुन्हा स्पिनलॉकवर नेला आणि घसरण मिटली. मला हा निर्णय त्या घडीला योग्य वाटतो. पण रोगाचं नाव वेगळं होतं. बायसेक्टने बोट ठेवलं ते निमित्तावर. मूळ कारण होतं तो जुना, अवाढव्य लॉक.

(लॉकस्टॅटचा तक्ता, जवळून. एकेक रकाना उजळतो.)

हा फरक कळायला लॉकस्टॅट, म्हणजे कर्नलमधल्या लॉकचा हिशेब मांडणारा हा तक्ता, वाचता यावा लागतो. २.६.२३ पासून तो कर्नलमध्ये आहे. प्रत्येक लॉक किती वेळा घेतला, किती वेळा अडला, एकूण किती वाट पाहायला लागली, किती वेळ धरून ठेवला. धरण्याचा वेळ वाढला असेल, तर लॉकच्या आत कुणीतरी जास्तीचं काम घुसवलंय. घेण्याची संख्या वाढली असेल, तर दोष बोलावणाऱ्या कोडचा. दोन्ही जैसे थे आणि फक्त वाट पाहण्याचा वेळ उसळला असेल, तर लॉक एका हातातून दुसऱ्या हातात जाताना वेळ सांडतोय. एक सावधगिरी मात्र हवी: लॉकस्टॅट स्वतःच कर्नल मंद करतो, त्यामुळे घसरणीचा आकडा तो बंद ठेवूनच मोजायचा. अलीकडे पर्फ या मोजमापाच्या साधनाच्या लॉक कंटेन्शन या आज्ञेने, ईबीपीएफच्या (चालत्या कर्नलमध्ये छोटे प्रोग्रॅम घालायची सोय) जोरावर, चालत्या सर्व्हरवरही हे बघता येतं.

बीकेएल उपटायला आणखी तीन वर्षं लागली, फाइलमागून फाइल. ऑक्टोबर २०१० मध्ये फाइल लॉकिंगला स्वतःचा स्पिनलॉक मिळाला. उरलेलं अर्न्ड बर्गमन यांनी संपवलं, आणि मे २०११ मध्ये आलेल्या २.६.३९ मध्ये बीकेएल नव्हता.