फोन म्हणतो ‘यलो ग्रीन’

(नागपूर. इतवारी बाजार. साड्यांचं दुकान. पांढऱ्या गादीवर उलगडलेल्या साड्या.)

आईनं बजावून पाठवलंय, “मावशीसाठी पारव्या रंगाची आण.” आणि पाठवलंय कोणाला, तर मला! लाल-हिरव्याचा घोळ माझ्या डोळ्यांत जन्मापासूनचा. एका नोकरीच्या मेडिकलला ती रंगीत ठिपक्यांत आकडे लपवलेली पुस्तिका समोर आली, जपानी डॉक्टर शिनोबू इशिहारांनी १९१७ साली काढलेली. पहिल्या पानावरचा १२ सगळ्यांनाच दिसतो, मलाही दिसला. पुढे नुसते ठिपके. गंमत म्हणजे हे मला आलं आईकडून, आणि तिला सगळे रंग दिसतात. दोष एक्स गुणसूत्रावरचा. बाईजवळ ती दोन असतात, एक बिघडलं तर दुसरं सांभाळून घेतं. माझ्याजवळ एकच.

म्हणून खिशात हा फोन. ॲप उघडायचं, मधली फुली कापडावर धरायची, तो नाव सांगतो.

(फोनचा आवाज: “डिम ग्रे.”)

गादीवरचे काका हसतात. “भाऊ, लाइटाखाली कोणी रंग पाहते का? दारात चला.”

(दुकानाची पायरी. ऊन. तोच पदर. फोन: “स्लेट ग्रे.”)

काका म्हणतात, “हा पारवा.”

स्लेट ग्रेनं मला काही उमगलं नव्हतं. पारवा म्हटल्याबरोबर आमच्या गच्चीवरचे पारवे समोर आले.

फोन कापड ओळखत नाही, कापडावरून परतलेला उजेड मोजतो. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर बारीक चौकटी असतात, साधारणपणे दर चारातल्या दोन हिरव्या, एक लाल, एक निळी. त्यातून निघतात तीन आकडे, प्रत्येक ० ते २५५. त्यांच्या जोड्या जुळवल्या तर रंग होतात १,६७,७७,२१६. एवढ्यांची बारशी कोण करणार? ॲपजवळ नावांची एक यादी असते, मोजलेल्या आकड्यांना सगळ्यात जवळचं नाव तो वाचतो. यादी बहुधा संगणकाच्या पडद्यासाठी केलेली, इंग्रजी. तिच्यात ‘टोमॅटो’ आहे, ‘पपाया व्हिप’सुद्धा आहे. अबोली नाही, चिंतामणी नाही, आमसुली तर नाहीच.

त्यात कॅमेऱ्याची एक खोड. उजेड पिवळा वाटला की तो आपल्या मनानं पांढरा करून घेतो. लालभडक साडीच फ्रेमभर भरली, तर त्याला वाटतं उजेडच लाल आहे, आणि तो खरा रंगच फिका करायला जातो. शेजारी पांढरा कागद ठेवला तर पुष्कळदा सावरतो. फ्लॅश मात्र नको, रेशमाची चकाकीच मोजली जाते. आणि धूपछाँव साडी? उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. हात जरा हलला की नाव बदलतं. काकांनी मुद्दाम तीच पुढे केली होती. चौथ्या नावानंतर मीच फोन बंद केला.

ज्यांना मुळीच दिसत नाही, त्यांच्यासाठी ही सोय माझ्यापेक्षा मोठी. मायक्रोसॉफ्टचं सीइंग एआय हे ॲप २०१७ साली आलं, ते रंगही सांगतं आणि छापील मजकूरही वाचून दाखवतं. कपाटातला कुडता कोणत्या रंगाचा, हे घरात कोणाला हाक न मारता कळतं.

(सीताबर्डी. मेट्रो स्टेशन.)

इथे ऑरेंज आणि ॲक्वा, दोन्ही लाइनी भेटतात. या दोन रंगांत मी कधी चुकलो नाही. निळ्या-पिवळ्याकडचा फरक माझे डोळे धड पकडतात. फसतो तो खाली, संत्र्यांच्या गाडीवर. पिकलेलं केशरी आणि हिरवट पिवळं, मला दोन्ही सारखीच.

(नोव्हेंबरची दुपार. हातगाडीवर संत्र्यांची रास. फोन: “यलो ग्रीन.”)

मी संत्रं परत ठेवतो. गाडीवरची मावशी फोनकडे पाहते, मग माझ्याकडे.

“आंबिया हाय भाऊ. साल हिरवी राहते, आतून गोड.”

आंबिया बहाराचं, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याचं, फळ साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरात उतरतं. सालीतला हिरवेपणा जायला रात्री चांगल्या गार लागतात, आणि फळ त्याआधीच पिकलेलं असतं. म्हणजे रंग फोननं बरोबर सांगितला. कच्चं मी ठरवलं.

(मावशी संत्रं सोलते. फोड पुढे करते.)

दोन डझन बांधून घेतली.