मागून घेतलेलं वर्ष

(भायखळ्यातल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीत ३१ डिसेंबरच्या रात्री केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)

सर्वांना सलाम.

थोड्या वेळाने बारा वाजतील आणि बंदरातल्या जहाजांचे भोंगे सुरू होतील. माझगाव-भायखळ्यात वाढलेल्यांना नवं वर्ष आधी कानांना कळतं. लहानपणी आम्ही चाळीच्या गॅलरीत उभे राहून त्या आवाजाची वाट बघायचो. अजूनही तो ऐकला की मला भरून येतं. पण आज मी बोलणार आहे ते भोंगे वाजायच्या आधीच्या या अर्ध्या तासाबद्दल.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय काढा. शिलोहातला बुरूज कोसळून अठरा माणसं मेली होती. येशू लोकांना विचारतो, यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा ही माणसं जास्त अपराधी होती असं तुम्हाला वाटतं का? तो स्वतःच सांगतो, नाही. आपल्या मुंबईत दर पावसाळ्यात एखादी जुनी इमारत खाली येते. ढिगाऱ्यातून ज्यांना काढलं ते आपल्यापेक्षा वाईट नव्हते आणि आपण इथे बसलो आहोत ते काही चांगले म्हणून नाही. पश्चात्ताप करा, असं प्रभू म्हणतो आणि लगेच त्या अंजिराच्या झाडाचा दाखला देतो.

मालक तीन वर्षं येतोय, फळ नाही. तो म्हणतो, तोडून टाक, उगाच जागा कशाला अडवायची? जागा अडवणं म्हणजे काय, हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको. पण माळी मध्ये पडतो. एवढं एक वर्ष राहू द्या, मी याच्याभोवती खणतो, खत घालतो.

या सगळ्यात झाड एक शब्दही बोलत नाही, हे मला फार उशिरा लक्षात आलं. पुढच्या वर्षी नक्की फळ देईन, असा संकल्प त्याने केलेला नाही. वर्ष मागितलं माळ्याने, मेहनतही तोच करणार. उद्या सकाळी आपल्या हातात येणारं वर्ष असं कुणीतरी आपल्यासाठी मागून घेतलेलं आहे. माझ्या ख्रिस्ती विश्वासाचा गाभा मला इथे दिसतो.

मात्र खणणं सोपं नसतं. आमच्या गॅलरीत तेलाच्या पत्र्याच्या डब्यात कढीपत्ता होता. त्याची वाढ थांबली तेव्हा आईने जुना स्क्रू-ड्रायव्हर घेऊन माती उकरली. मुळं डब्याला आतून वेटोळी घालून बसली होती, दोरीच्या गुंडाळीसारखी. तिने काही सोडवली, काही सरळ कापली. आठवड्याभरात सगळी पानं गळली. शेजारीण म्हणाली, मेलं ते, फेकून दे. आई त्या काठीला रोज पेलाभर पाणी घालत राहिली. होळीच्या सुमारास खालच्या बाजूला तांबूस कोंब दिसला.

म्हणून नवीकरण एका रात्रीत उरकतं असं मी तुम्हाला सांगणार नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ च्या फेब्रुवारीत याच मुंबईत झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा झाला १९०० साली. मधली पाच वर्षं त्या माउलीने काय सोसलं! आधी ताटातूट, मग एकत्र संसार, आणि आपल्या मनातलं सोवळं-ओवळं स्वतःच्या विचाराने एकेक करून उतरवणं. घाई केली असती तर मराठीला ‘स्मृतिचित्रे’ लिहिणारी ती लक्ष्मीबाई मिळाली नसती.

मेथडिस्ट मंडळ्यांत नव्या वर्षाच्या सुरुवातीला कराराची उपासना होते, म्हणजे देवाशी केलेला करार पुन्हा नवा करायचा. मेथडिस्ट चळवळ उभी करणाऱ्या जॉन वेस्लीने ती १७५५ मध्ये लंडनला सुरू केली. तिच्या प्रार्थनेचा आशय असा, की मी आता माझा नाही, तुझा आहे. मला कामाला लाव किंवा बाजूला ठेव. निवृत्त होईपर्यंत मी ‘बाजूला ठेव’ हे शब्द नुसते म्हणत होतो. सकाळी साडेसातची लोकल पकडायची नाही, फोन वाजत नाही, कुणी सही मागत नाही, अशी पहिली जानेवारी आली तेव्हा ते शब्द घशात अडकले. त्या वर्षी माळ्याने माझ्याभोवती भरपूर खणलं.

त्या खणण्यातून वर आला माझा धाकटा भाऊ. वडिलांच्या खोलीच्या वाटणीवरून आम्ही नऊ वर्षं बोललो नव्हतो. चूक त्याची, असं मी प्रार्थनेतसुद्धा सांगत असे. मग एका रविवारी बदलापूरला त्याच्या दारात गेलो. त्याने दार उघडलं, पाणी दिलं आणि माझ्याशी एक शब्दही न बोलता टीव्ही बघत बसला. वहिनी मात्र जिन्यापर्यंत सोडायला आली, हळूच म्हणाली, भावजी, येत जा.

तेव्हापासून महिन्यातून एकदा जातो. झाडाला पुढे फळ आलं की नाही, हे येशूने सांगितलेलं नाही. भाऊ अजून फारसं बोलत नाही. गेल्या खेपेला चहात साखर किती, एवढं त्याने विचारलं.

चला, उभे राहू या. दहा मिनिटं उरली आहेत, ती आपण शांत प्रार्थनेत घालवू.