पेज, मीठ-साखर आणि एक चमचा

श्रोतेहो, नमस्कार.

पाऊस लागला की आमच्या कोकणातल्या उपकेंद्रात जुलाबाचे पेशंट सुरू व्हायचे. विहिरींना नवं पाणी आलेलं असतं, ते गढूळ असतं, अंगणात चिखल आणि माश्या. आरोग्यसेविका म्हणून मी तिथे बरीच वर्षं काढली. त्यातली एक सकाळ अजून डोळ्यांपुढे आहे, ती आधी सांगते.

एक आजी अकरा महिन्यांच्या नातवाला पदराखाली घेऊन आल्या. मागे त्याची आई, रडून रडून थकलेली. रात्रीपासून दहा-बारा वेळा पातळ झालं होतं. बाळाचे डोळे खोल गेलेले, टाळू बसलेली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली की सावकाश खाली जायची. मी विचारलं, "आजी, पाणी किती पाजलंत?" त्या म्हणाल्या, "पाणी बंद केलंय गो बाय. पाजलं की लगेच होते त्याला." अंगावरचं दूधही त्यांनी थांबवलं होतं. जायफळ मात्र मधात उगाळून दोनदा चाटवलं होतं.

आजींनी जे केलं ते त्यांच्या आजीने केलेलं होतं. पण जुलाबात बाळाच्या जिवावर उठते ती अंगातलं पाणी आणि मीठ निघून जाण्याची गोष्ट. पाणी बंद केलं तरी जुलाब थांबत नाहीत, फक्त अंग कोरडं पडत जातं. जायफळाने बाळाला गुंगी येते, आणि झोपलेलं बाळ पीत नाही. मधाचं तर स्पष्टच सांगते. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नका, गुटीतही नको, बोटाला लावूनही नको. मधात कधीकधी एका जंतूची बीजं असतात. मोठ्यांना ती पचतात, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात रुजून ती विष तयार करतात आणि बाळाचं अंग लुळं पडतं. वर्ष उलटलेल्या मुलाला खोकल्यात मधाचं चाटण खुशाल द्या, त्याने आराम पडतो.

त्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना कळवलं, आजींना बाकावर बसवलं आणि हातात वाटी-चमचा दिला. बाळ चमच्यामागे अधाशासारखं तोंड नेत होतं. पिता येतंय, ही मोठी गोष्ट होती. चार तास आजी चमच्या-चमच्याने पाजत राहिल्या. दुपारी त्यांचं लुगडं भिजलं. बाळाला लघवी झाली होती. आजी ओल्या लुगड्याने तशाच बसून हसत होत्या.

वाटीत काय होतं? पाणी, साखर, क्षार. यालाच ओआरएस म्हणतात. या साध्या पाण्यामागे मोठा इतिहास आहे. 1971 साली बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. सीमेवरच्या बनगावात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ पसरली. शिरेतून द्यायचं सलाईन पुरेना. तेव्हा कोलकात्याचे डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी ठरवलं, पाणी तोंडाने पाजायचं. ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा यांच्या पुड्या बांधल्या, पाण्याच्या पिंपांत मिसळल्या आणि नातेवाइकांनाच कपाने पाजायला सांगितलं. तिथे साधारण शंभरातले तीस रोगी दगावत होते, ते प्रमाण चारच्याही खाली आलं. हे पाणी कसं करायचं, ते त्या काळात बांगलादेशच्या गुप्त रेडिओवरूनही सांगितलं गेलं. आज रेडिओवरून मीही तेच सांगते आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं. महालनबीस 2022 मध्ये गेले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

साखर कशाला, असं बायका नेहमी विचारायच्या. आतड्याच्या आतल्या अस्तरात मिठासाठी एक दार असतं, आणि ते साखर सोबत असली तरच उघडतं. दोन्ही आत शिरली की पाणी मागोमाग जातं. जुलाबातही हे दार चालू राहतं. म्हणून प्रमाणाला महत्त्व. साखर फार झाली तर ती उलट आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात. बाटलीतली रंगीत गोड पेयं याच कारणाने नकोत. 2025 च्या ऑक्टोबरात अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर 'ओआरएस' हे नाव छापायला मनाई केली. मला त्याचा मनापासून आनंद झाला.

आता कागद-पेन घ्या. ओआरएसची पुडी आशाताईंकडे, उपकेंद्रात मिळते. ती घरात असू द्या, आणि किती पाण्यात घालायची ते पुडीवर वाचा, कारण लिटरची पुडी वेगळी आणि पेल्याची वेगळी. पुडी नसेल तर उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. आधी स्वतः चाखा. डोळ्यांतल्या पाण्याहून जास्त खारट लागलं तर ओतून द्या, पुन्हा करा. चोवीस तासांनी उरलेलं टाका. दोन वर्षांखालच्या मुलाला दर जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, त्याहून मोठ्या मुलाला अर्धा ते एक कप, मोठ्यांना हवं तेवढं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि मग आणखी सावकाश पाजा. अंगावरचं दूध एक वेळही थांबवू नका. झिंकच्या गोळ्या दिल्या असतील तर जुलाब थांबले तरी चौदा दिवस पूर्ण करा.

आणि आपली पेज! गुरगुट्या भाताची, मीठ घातलेली पेज. सहा महिन्यांपुढच्या सगळ्यांना ती द्या. तांदळातला स्टार्च पोटात गेल्यावर हळूहळू साखरच होतो, तेव्हा मिठाची पेज हेही त्याच दारातून आत जाणारं पाणी आहे. आमच्या आज्यांचं हे अगदी बरोबर होतं. ताकाचंही तसंच, मीठ घालून द्या.

पण शौचात रक्त दिसलं, बाळ मलूल पडलं, पिईनासं झालं, प्यायलेलं सगळं उलटून टाकू लागलं, सहा तासांत लघवी झाली नाही, तर घरगुती काही करत बसू नका. 108 ला फोन लावा. बाळ जागं असेल आणि गिळत असेल तर गाडी येईपर्यंत, आणि गाडीतसुद्धा, चमचा चालू ठेवा.

नमस्कार.