सराफ बाजारातली माती

(दृश्य: पहाटेचा सराफ बाजार. शटर बंद. ब्रशचा आवाज.)

नाशिकच्या सराफ बाजारात दुकानं उघडायच्या आधीच ब्रश फिरू लागतात. झारेकरी मावशी, म्हणजे सराफांच्या दारातल्या मातीतून सोनं काढणाऱ्या, पायरीच्या फटीतली, गटाराच्या काठावरची माती गोळा करताहेत. दागिना कानशीने घासताना सोन्याचा कीस उडतो आणि कारागिराच्या कपड्यांना, चपलांना चिकटून बाहेर येतो. आपण त्यावरून रोज चालत जातो. तो आपल्याला दिसत नाही, मावशींनाही दिसत नाही. पण तो तिथे आहे हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

(दृश्य: घमेलं, अगदी जवळून.)

आधी चाळणी. खडे, काड्या, पुड्यांचे तुकडे वर राहतात. मग लोहचुंबक, लोखंडाचा कीस त्याला केसांसारखा उभा चिकटतो. उरलेली बारीक माती घमेल्यात. आता मावशींच्या मनगटाकडे बघा. घमेलं जरासं कलतं, पाणी गोल फिरतं, एक हलका झटका, आणि वरची माती कडेवरून वाहून जाते. पुन्हा पाणी, पुन्हा झटका. घाई केली तर मातीबरोबर सोनंही जाणार.

धान्यासारखं पाखडून का नाही भागत? सोनं पाण्याच्या 19.3 पट जड, वाळू साधारण 2.65 पट. एकाच आकाराचे दोन कण घेतले, तर सोन्याचा कण सातपट भरतो. पण पाण्यात बुडालेल्या प्रत्येक वस्तूला पाणी वर उचलतं. ती उचल वजा करा: उरतात 18.3 आणि 1.65. फरक थेट अकरा पटींवर गेला! आर्किमिडीजचं तत्त्व आपण परीक्षेपुरतं पाठ करतो. इथे त्यावर चूल पेटते.

तळाशी काळसर गाळ राहतो. त्यातलं सोनं धरायला पूर्वापार पारा वापरत आले आहेत. पारा सोन्याला पोटात घेतो, वाळूला नाही. फडक्यातून पिळलं की जादा पारा गळतो आणि करडी गोळी हाती येते. ती तापवली की पारा उडून जातो, सोनं मागे राहतं. इथे थांबून सांगायलाच हवं: ती वाफ विष आहे, मेंदूवर आणि मूत्रपिंडांवर घाला घालणारं. उघड्या चुलीवर, घरात लेकरं असताना हे काम होता कामा नये. पारा 357 अंश सेल्सिअसला उकळतो. तीच वाफ बंद भांड्यातून नळीने नेऊन थंड केली, तर पारा थेंबाथेंबाने परत मिळतो आणि श्वासात जाणारी वाफ खूप कमी होते. नववी-दहावीच्या वहीत आपण ऊर्ध्वपातनाची आकृती काढतो ना, ती हीच.

(दृश्य: गाळणकागदाची पट्टी, काळ्या स्केचपेनचा ठिपका.)

मिसळलेलं वेगळं करायची आणखी एक रीत आहे. तिचा प्रयोग घरी कराच. पट्टीवर पेन्सिलने रेघ मारा, रेघेवर काळा ठिपका द्या, आणि पट्टीचं टोक पाण्यात सोडा. ठिपका मात्र पाण्याच्या वर हवा, नाहीतर शाई ग्लासातच उतरेल. पाणी कागदातून वर चढतं आणि काळ्यातून निळा, गुलाबी, पिवळा सुटे होत जातात. जो रंग कागदाला जास्त धरून बसतो, तो मागे पडतो. मिखाईल त्स्वेत या वनस्पतिशास्त्रज्ञाने खडूच्या भुकटीने भरलेल्या नळीतून पानांचा अर्क सोडून हिरवे-पिवळे पट्टे असेच वेगळे केले, आणि 1906 मध्ये या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिलं.

(दृश्य: पिंपळगावकडची द्राक्षबाग.)

याच पद्धतीवर नाशिकचा निर्यातदार बागायतदार आज अवलंबून आहे. 2010 मध्ये भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ आवरणाऱ्या औषधाचा अंश सापडला आणि युरोपात कंटेनर अडकले. बागायतदारांच्या तोंडी त्याचं नाव लिहोसिन. ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला युरोपात किलोमागे 0.01 मिलिग्रॅमची सूट. म्हणजे 100 किलो द्राक्षांत 1 मिलिग्रॅम. इतकं कमी औषध हुडकायला प्रयोगशाळेत द्राक्षाचा अर्क बारीक भुकटीने भरलेल्या नळीतून दाबाने सोडतात. प्रत्येक औषध आपापल्या वेळेला बाहेर पडतं, पडद्यावर एकेक शिखर उमटतं.

नमुना काढणीच्या आधीच गेलेला असतो. घड पिकलेत, कात्र्या धुऊन ठेवल्यात, मजूर सांगून ठेवलेत. बांधावर बसलेला बागायतदार फोनकडे बघतोय. रिपोर्ट यायचाय.